युनियनच्या अधिवेशनात महिला समिती पुढे कशी आणायची?

प्रश्न थोडक्यात असा: आमच्या युनियनमध्ये दोन वर्षांपूर्वी महिला समिती झाली. तीन महिन्यांनी अधिवेशन आहे. समितीला सभागृहाबाहेर एक टेबल आणि व्यासपीठावर पाच मिनिटं मिळाली आहेत. मागच्या अधिवेशनात छापलेली सगळी पत्रकं वाटून झाली, नावांची वही भरली, पण नंतर समितीच्या बैठकीला एकही नवी बाई आली नाही. या वेळी काय वेगळं करावं?

ताई, पत्रकं संपली आणि माणूस मिळालं नाही, हा अनुभव मीही घेतलाय, एकदा नाही, सलग तीन अधिवेशनांत. तुमच्या मेहनतीत काही कमी पडलं असं मला वाटत नाही. मी आधी शाखेची प्रतिनिधी म्हणून, मग महिला समितीची निमंत्रक म्हणून आणि पुढे अधिवेशनाची कार्यक्रमपत्रिका ठरवणाऱ्या समितीत बसून ही अधिवेशनं पाहिली आहेत. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. समिती म्हणजे काय हे सांगून समिती कुणालाही पटत नाही. समिती जे काम एरवी करते, त्यातला एखादा तुकडा अधिवेशनातच, त्या बाईच्या डोळ्यांसमोर, तिच्यासाठी व्हायला हवा. मग माहिती द्यावी लागत नाही, ती स्वतःच विचारते.

हे मला कसं कळलं ते सांगते. एका अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारचं सत्र सुरू व्हायच्या आधी, एक बाई आमच्या टेबलापाशी आली. हातात आमचंच पत्रक होतं, चार घड्या घातलेलं. म्हणजे आदल्या दिवशी घेतलेलं आणि रात्री वाचलेलं. तिने विचारलं, "सुपरवायझर पाळी बदलून देत नाही, हे इथे सांगायचं का?" मी उत्साहाने समितीची रचना सांगायला लागले. किती सदस्या, बैठक कधी, उद्दिष्टं कोणती. ती मान हलवत राहिली आणि "बघते" म्हणून निघाली. माझ्यासोबत टेबलावर बसलेली सहकारी उठून तिच्यामागे गेली, तिला जिन्यापाशी गाठलं आणि एवढंच विचारलं, "पाळी कुणासाठी बदलून हवीय?" तेव्हा कळलं की तिच्या शेजारच्या मशीनवरची मुलगी सहा महिन्यांची गरोदर होती आणि रात्रपाळीत उभ्याने काम करत होती. सहकारीने त्यांच्या शाखेच्या सचिवाला सभागृहातून शोधून बाहेर आणलं. तिघांनी खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून अर्ज लिहिला, खाली सचिवाची सही, तारीख, एक प्रत त्या बाईच्या पर्समध्ये. दहा मिनिटं लागली असतील. पुढच्या आठवड्यात पाळी बदलली. आणि पुढच्या अधिवेशनाला तीच बाई तिच्या शाखेतल्या चार जणींना घेऊन आली. त्यातली एक आज समितीची सहनिमंत्रक आहे.

त्या दिवसापासून आमचं टेबल माहितीचं राहिलं नाही, ऐकण्याचं झालं.

ही काही मी शोधून काढलेली युक्ती नाही. १८८८ साली लंडनच्या ब्रायंट अँड मे काडेपेटी कारखान्यातल्या मुलींचं नाव जगभर झालं, त्याची सुरुवातही ऐकण्यातूनच झाली होती. ॲनी बेझंट त्या मुलींशी बोलल्या. मजुरी किती मिळते, दंड कशाकशाचे कापले जातात हे त्यांनी विचारलं आणि नेमकं छापलं. पाय मळके असले तरी दंड होता. मालकाने मुलींकडून "हे सगळं खोटं आहे" अशा कागदावर सह्या घ्यायचा प्रयत्न केला, मुलींनी नकार दिला आणि सुमारे १,४०० जणी कामावरून बाहेर पडल्या. संप जिंकल्यावर त्यांची युनियन उभी राहिली. आधी तक्रार नोंदली गेली, युनियन त्यानंतर आली. आपण बऱ्याचदा उलट करतो. आधी युनियनचं महत्त्व सांगतो आणि मग तक्रार असेल तर सांगा म्हणतो.

आता टेबलाबद्दल. टेबल भिंतीला लावा आणि तुम्ही त्याच्या पुढे उभ्या राहा. मागे खुर्च्या टाकून बसलं की टेबल काउंटर होतं, आणि काउंटरपाशी लोक वस्तू उचलतात, बोलत नाहीत. जागा मागताना नोंदणीच्या टेबलापासून सभागृहाच्या दारापर्यंतच्या वाटेवरची मागा. प्रदर्शनाचा कोपरा कितीही प्रशस्त असला तरी तिथे फक्त ज्यांना आधीच रस आहे तेच येतात. एका वेळी दोघी हव्यात, त्यातली एक पदाधिकारी नको. नवी सभासद नव्या सभासदाशी मोकळेपणाने बोलते.

फलकावर घोषणा लिहू नका, प्रश्न लिहा. "समान संधी, समान सन्मान" वाचून कुणी थांबत नाही. "तुमच्या कामाच्या ठिकाणी या वर्षी कोणती एक गोष्ट बदलायला हवी?" यावर थांबतात. खाली कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेनं. चिठ्ठीवर चारच गोष्टी: शाखा, कामाचा प्रकार, काय बदलायला हवं, आणि "याबद्दल आम्ही तुम्हाला फोन करू का?" असा होय-नाहीचा चौकोन. नंबर फक्त "होय" म्हणणाऱ्यांनी द्यायचा.

सह्यांची उघडी वही मात्र ठेवू नका. मागच्या वेळी तुमची वही भरली आणि कुणी आलं नाही, त्याचं एक कारण हेही असू शकतं. उघड्या वहीत पुढची बाई मागच्या बाईची तक्रार वाचते. कधी शाखेचा पदाधिकारी वाचतो, कधी व्यवस्थापनाशी बोलणंचालणं असलेला कुणी. हे एकदा लक्षात आलं की शहाण्या बाया खरं काही लिहीत नाहीत, नुसतं नाव लिहून पुढे जातात. चिठ्ठी घडी घालून कुलूपबंद पेटीत टाकायची सोय करा. पेटीची किल्ली कुणाकडे आहे हे फलकावर स्पष्ट लिहा. ही साधी गोष्ट समितीबद्दल जितका विश्वास निर्माण करते तितका कोणतंही भाषण करत नाही.

लैंगिक छळाची तक्रार टेबलापाशी ऐकायची नाही आणि लिहायचीही नाही. कुणी तो विषय काढला तर तिला बाजूला न्यायचं, त्यासाठी एक बंद खोली आयोजकांकडून आधीच मागून ठेवायची. तिथे अनुभवी एकच व्यक्ती बोलेल, आणि पुढे काय करायचं हे ती बाई ठरवेल. आपण तिच्या वतीने उत्साहाने कुठेही तक्रार दाखल करायची नाही. आणि हे फक्त कारखान्यातल्या किंवा ऑफिसातल्या छळापुरतं नाही. २०१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने हिंसा आणि छळाविरुद्धचा करार क्रमांक १९० मंजूर केला, तो २५ जून २०२१ पासून लागू झाला. त्यात "कामाचं जग" याची व्याख्या मुद्दाम रुंद केली आहे. कामाशी संबंधित प्रवास, प्रशिक्षण, कार्यक्रम, निवासाची जागा, फोन-इंटरनेटवरचा संपर्क, सगळं त्यात येतं. आपण मालकाकडे ही व्याख्या मागतो, मग आपलं अधिवेशन आणि प्रतिनिधींचं मुक्कामाचं ठिकाण त्यातून सुटत नाही. म्हणून अधिवेशनाची आचारसंहिता आणि तक्रार कुणाकडे करायची त्या दोन व्यक्तींची नावं प्रत्येक प्रतिनिधीच्या फाइलमध्ये असावीत, अशी मागणी महिला समितीने करावी आणि ती पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा करावा. ज्या अधिवेशनात हे झालं, तिथे दुसऱ्या दिवशी बाया रात्रीच्या चर्चांनाही थांबल्या. हे मी स्वतः पाहिलंय.

टेबलाबद्दल एवढं लिहिलं, पण खरं सांगायचं तर टेबल हा लहान भाग आहे. समिती अधिवेशनात दिसते ती ठरावातून.

आजच करायचं काम म्हणजे ठराव पाठवायची शेवटची तारीख शोधणं. बहुतेक युनियनांत ती अधिवेशनाच्या सहा ते दहा आठवडे आधी असते आणि परिपत्रकाच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात असते. तीन महिने म्हणजे तुमच्याकडे कदाचित दोनच आठवडे उरलेत. ठराव महिला समितीच्या नावाने देता येतो की एखाद्या शाखेमार्फत द्यावा लागतो हे युनियनच्या घटनेत पाहा. शाखेमार्फत द्यायचा असेल तर त्या शाखेची सभा बोलवावी लागेल, इतिवृत्तात नोंद लागेल, आणि हे सगळं मुदतीच्या आत.

ठराव एकच द्या. सात मागण्यांचा ठराव एकमताने मंजूर होतो आणि कुणालाच बांधत नाही. मी पाहिलेल्या निम्म्या ठरावांची भाषा अशी असते: "स्त्रियांच्या सहभागाचं महत्त्व हे अधिवेशन जाणतं आणि त्या दिशेने प्रयत्न करण्याचं आवाहन करतं." यावर कोण नाही म्हणेल? आणि अधिवेशन संपल्यावर कोण काय करेल? त्याऐवजी असं लिहा: "हे अधिवेशन कार्यकारिणीला निर्देश देतं की वेतनकरारासाठी नेमलेल्या प्रत्येक वाटाघाटी समितीत किमान दोन स्त्री सभासद असतील, त्यांची नावं महिला समितीशी चर्चा करून ठरतील, आणि सहा महिन्यांच्या आत याचा लेखी अहवाल सर्व शाखांना पाठवला जाईल." कुणी करायचं, किती, केव्हापर्यंत, कुणाला कळवायचं, हे चारही त्यात आहे. पैसे लागणार असतील तर ते कोणत्या शीर्षाखाली खर्च होतील तेही लिहा. नाही तर कोषाध्यक्ष उठून "निधीची तरतूद नाही" म्हणतील आणि त्यांचं म्हणणं बरोबरच असेल.

समितीला घटनेत कायमचं स्थान मिळावं म्हणून पहिल्याच झटक्यात घटनादुरुस्ती आणायचा मोह होतो. दोन वर्षांच्या समितीने ते करू नये असं माझं मत आहे. घटनादुरुस्तीला सहसा साध्या बहुमतापेक्षा जास्त मतं लागतात, नोटीस लांबची असते, आणि हरलात तर पुढची कित्येक वर्षं "हा विषय एकदा निकाली निघालाय" हे ऐकावं लागतं. आधी अंदाजपत्रकात समितीच्या नावाची एक ओळ मिळवा. जिचा हिशेब दर वर्षी अधिवेशनापुढे वाचला जातो, ती समिती सहजासहजी बंद करता येत नाही.

ठराव दाखल झाल्यावर तीन ठिकाणी तो निसटतो. पहिलं म्हणजे एकत्रीकरण. तीन-चार शाखांचे मिळतेजुळते ठराव एकत्र करायची बैठक होते आणि तिथे तुमच्या ठरावातले आकडे आणि तारखा गळून पडतात. त्या बैठकीला तुमचा माणूस हवाच, आणि कोणतं वाक्य काही झालं तरी सोडायचं नाही हे तिला किंवा त्याला पाठ हवं. दुसरं, क्रम. शेवटच्या दिवशीच्या शेवटच्या सत्रात ठेवलेला ठराव "वेळेअभावी कार्यकारिणीकडे" जातो. कार्यक्रमपत्रिका ठरवणाऱ्या समितीतल्या एका तरी सदस्याशी महिनाभर आधी बोला. मी त्या समितीत बसले आहे म्हणून सांगते, ज्याच्यासाठी कुणी विचारायला आलेलं नसतं तो ठराव आपोआप शेवटी सरकतो. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. तिसरी जागा सगळ्यात गोड असते. ठराव मांडला जातो, टाळ्या होतात आणि व्यासपीठावरून विनंती येते, "भावना योग्य आहे, हा ठराव कार्यकारिणीकडे विचारार्थ सोपवावा." दमलेली सूचक हो म्हणते. हो म्हणू नका. म्हणायचंच असेल तर "कार्यकारिणी अमुक तारखेपर्यंत निर्णय कळवेल, हे इतिवृत्तात नोंदवा" अशी अट घाला. हे वाक्य कागदावर लिहून सूचकाच्या हातात द्या, कारण माइकपुढे ऐन वेळी ते आठवत नाही.

सूचक महिला समितीतलीच असावी, अनुमोदक मात्र दुसरीकडून घ्या. शक्यतो जिथे स्त्रिया थोड्या आहेत अशा मोठ्या शाखेचा पुरुष सचिव. त्याच्या एका मिनिटाच्या भाषणाने सभागृहाला कळतं की हा विषय एका कोपऱ्यातल्या टेबलाचा नाही.

मुख्य अधिवेशनाच्या आदल्या दिवशी स्त्री प्रतिनिधींची बैठक घ्या, दोन तासांची का होईना. याला जुनी आणि भक्कम परंपरा आहे. १९१० साली कोपनहेगनमध्ये आंतरराष्ट्रीय समाजवादी काँग्रेस भरायच्या आधी स्त्रियांची परिषद झाली. त्यात क्लारा झेटकिन आणि तिच्या जर्मन सहकारी स्त्रियांनी दर वर्षी महिला दिन पाळावा असा प्रस्ताव ठेवला. पुढच्याच वर्षी, १९ मार्च १९११ ला, जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमध्ये तो पाळला गेला. आज ज्याला आपण आठ मार्च म्हणतो तो एका ठरावाचं फळ आहे. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद भरली तेव्हा मताचा हक्क असलेल्या प्रतिनिधींत एकही स्त्री नव्हती, स्त्रिया होत्या त्या सल्लागार म्हणून. अमेरिकेतल्या विमेन्स ट्रेड युनियन लीगने त्याच सुमारास त्याच शहरात कामगार स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद बोलावली, मागण्या ठरवल्या आणि मुख्य परिषदेपर्यंत पोचवल्या. त्याच वर्षी मातृत्व संरक्षणाचा करार क्रमांक ३ मंजूर झाला. बाळंतपणानंतर सहा आठवडे कामावर घ्यायचं नाही, आधी सहा आठवड्यांची रजा घ्यायचा हक्क, बाळाला पाजण्यासाठी कामाच्या वेळेत दोनदा अर्ध्या तासाची सुट्टी. आदल्या दिवशीच्या बैठकीचा उपयोग हाच. काय मागायचं ते तिथे ठरतं, कोण कुठल्या विषयावर बोलणार ते ठरतं, आणि एकटी आलेली बाई दुसऱ्या दिवशी सभागृहात शिरताना पाच चेहरे ओळखत असते.

तुमच्या पाच मिनिटांबद्दल. महिला समितीला वेगळी पाच मिनिटं मिळतात तेव्हा सभागृह ती पाच मिनिटं पाय मोकळे करायला वापरतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. ती सोडू नका, पण त्यांच्यावर सगळी मदारही ठेवू नका. खरी संधी असते ती वेतन, सुरक्षा, कंत्राटीकरण, हिशेब या विषयांवरच्या चर्चेत. तिथे वक्त्यांची नावं चिठ्ठीने द्यावी लागतात. आदल्या दिवशीच्या बैठकीत चार जणी ठरवा, प्रत्येकीला एक विषय, आणि त्यांच्या चिठ्ठ्या सत्र सुरू होण्याआधी पोचवा. कोषाध्यक्षांच्या अहवालावर एखाद्या बाईने उठून नेमका प्रश्न विचारला की त्याचा परिणाम महिला सत्रातल्या तीन भाषणांपेक्षा जास्त होतो.

ब्रिटनमधल्या डॅगेनहॅमच्या १९६८ सालच्या संपाचं उदाहरण मी प्रशिक्षणात नेहमी देते. फोर्डच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ जणी जूनमध्ये संपावर गेल्या. त्यांचा मूळ वाद श्रेणीचा होता. शिवणकाम कौशल्याचं असूनही त्यांना कमी कौशल्याच्या श्रेणीत टाकलं होतं. सीट नाही म्हणजे गाडी नाही, उत्पादन ठप्प झालं. तीन आठवड्यांनी पुरुषांच्या दराच्या ९२ टक्के मान्य झाले, दोन वर्षांनी ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा आला, सगळीकडे त्यांचं कौतुक झालं. पण ज्या श्रेणीसाठी त्या उठल्या होत्या ती मिळायला १९८४ उजाडलं, तेही पुन्हा संप केल्यावर. मला यातून दिसतं ते असं की त्यांचा विषय "स्त्रियांचा प्रश्न" या खणात ठेवला गेला आणि श्रेणीच्या, म्हणजे वाटाघाटीच्या मूळ विषयातून बाजूला पडला. म्हणून तुमच्या शाखांतला असा मुद्दा असेल तर तो महिला सत्रात नको, वेतनाच्या चर्चेत मांडा.

व्यासपीठावरच्या पाच मिनिटांत तीन मिनिटं एकच प्रसंग सांगा, वर दिलेल्या अर्जासारखा, ज्यात समितीने काहीतरी करून दाखवलंय. अर्थात संबंधित बाईला विचारून, आणि ती ओळखू येणार नाही अशा रीतीने. चौथ्या मिनिटाला ठरावाचा क्रमांक सांगा आणि मत मागा. पाचव्या मिनिटाला प्रत्येक शाखेकडून एकच गोष्ट मागा: समितीशी संपर्क ठेवणारी एक व्यक्ती. समितीचा इतिहास, आभार, मागच्या कार्यक्रमांची यादी हे सगळं छापील अहवालात जाऊ द्या.

पण हे सगळं ऐकायला आणि मत द्यायला बाया सभागृहात असायला हव्यात. ज्या शाखेत निम्म्या स्त्रिया आहेत तिथून सात पुरुष प्रतिनिधी येतात तेव्हा टेबल कितीही छान मांडलं तरी काय उपयोग? आंतरराष्ट्रीय ट्रेड युनियन महासंघाने आपल्या मोहिमेत निर्णय घेणाऱ्या मंडळांत किमान ३० टक्के स्त्रिया असाव्यात असं लक्ष्य ठेवलं होतं, आणि तेही अनेक संघटनांना जड गेलं. प्रतिनिधी ठरतात शाखांच्या सभेत, अधिवेशनाच्या कितीतरी आधी. तेव्हा पहिल्या परिपत्रकातच तीन गोष्टी छापून घ्या. मुलं सांभाळायची व्यवस्था आहे आणि तिचा खर्च युनियन करेल. प्रवास आणि मुक्काम सुरक्षित आहे, खोली कुणासोबत हे आधी विचारलं जाईल. सत्रं किती वाजता संपतील. अधिवेशनाच्या जागी पाळणाघर उघडून फायदा नसतो, कारण जायचं की नाही हे बाई परिपत्रक हातात पडल्या संध्याकाळीच ठरवते. एका वर्षी आमच्याकडे उत्तम व्यवस्था होती, दोन सेविका, खेळणी, सगळं, आणि मूल एकच आलं. परिपत्रकात एक ओळ राहिली होती. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्या ओळीअभावी किती जणी घरी राहिल्या हे मोजताही आलं नाही.

शाखांच्या सचिवांना टाळू नका. त्यांच्यापैकी काही म्हणतील की वेगळी महिला समिती म्हणजे कामगारांत फूट. वाद घालू नका, त्यांच्या शाखेतल्या स्त्री सभासदांची संख्या आणि मागच्या सर्वसाधारण सभेला आलेल्या स्त्रियांची संख्या त्यांनाच विचारा. बहुतेकांना दुसरा आकडा सांगता येत नाही, आणि तिथून बोलणं सरळ होतं. एमा पॅटरसन १८७५ साली ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेसला, म्हणजे तिथल्या युनियनांच्या महासंघाच्या अधिवेशनाला, प्रतिनिधी म्हणून गेली तेव्हा तिथे स्त्रिया नवीनच होत्या. पण ती नुसतं निवेदन घेऊन गेली नव्हती. आदल्या वर्षी तिने स्त्री कामगारांची लीग स्थापन केली होती, पुस्तकबांधणी करणाऱ्या स्त्रियांची संघटना उभी केली होती, आणि त्या सभासदांच्या जोरावर ती आत बसली. सचिवांशी बोलताना तुमच्याकडेही सभासदांची वही हवी: समितीच्या कामामुळे या वर्षी कोणत्या शाखेत किती नव्या स्त्रियांनी वर्गणी भरली. दहा असतील तर दहा सांगा.

अधिवेशन संपलं त्या रात्री पेटी उघडा, दमला असाल तरी. चिठ्ठ्या तीन गठ्ठ्यांत लावा. जिथे आठवड्याभरात काहीतरी करता येईल त्या एका बाजूला, जिथे शाखेला सोबत घ्यावं लागेल त्या दुसऱ्या बाजूला, आणि जिथे पुढचा करार होईपर्यंत थांबावं लागेल त्या तिसऱ्या. पहिल्या गठ्ठ्यातले फोन तिसऱ्या दिवसापासून सुरू करा. दहा दिवसांनंतर केलेला फोन बहुतेक वेळा उचलला जातो, पण पलीकडून आवाज येतो, "कोण? हां, हां, बरं." ती ओल वाळलेली असते. फोनवर बैठकीचं निमंत्रण देऊ नका. "तुम्ही वजन उचलण्याबद्दल लिहिलं होतं, किती किलोच्या गोण्या असतात?" असं विचारा. तिसऱ्या गठ्ठ्यातल्यांनाही कळवा की आत्ता होणार नाही, आणि का होणार नाही. नकार वेळेवर मिळालेली बाई परत येते, उत्तरच न मिळालेली येत नाही.

एक नोंद ठेवा: अधिवेशनानंतर सहा महिन्यांत किती शाखांनी संपर्क व्यक्तीचं नाव दिलं, आणि त्यातल्या किती जणी दुसऱ्या बैठकीलाही आल्या. पहिल्या वर्षी आमच्याकडे पाच नावं आली, दुसऱ्या बैठकीला तीन जणी. वाटलेल्या पत्रकांच्या तुलनेत हा आकडा कार्यकारिणीपुढे वाचायला लहान वाटेल, तरी तोच वाचा, आणि पुढच्या अधिवेशनाच्या अहवालात त्याच रकान्यात नवा आकडा लिहा.

ठरावाची तारीख सापडली की मसुदा इथेच टाका. मी वाचून दुरुस्त्या सुचवते, पण त्याआधी घटनेतलं ठरावांविषयीचं कलमही सोबत लिहा. त्याशिवाय सूचक कोण असावी हे सांगता येणार नाही.